रिलेतील उडी, टचपॅड आणि शतांश सेकंद : यंत्राचा निकाल कितपत न्याय्य?

काठावरचा_पंच (छत्रपती संभाजीनगर)

यंदाच्या विभागीय शालेय जलतरण स्पर्धेत मुलांच्या ४ × १०० मीटर फ्रीस्टाईल रिलेत सर्वांत आधी पोहोचलेला संघ बाद ठरला. त्यांच्या तिसऱ्या खेळाडूचे पाय ब्लॉकवरून (काठावरच्या उडीच्या चौथऱ्यावरून) सुटले तेव्हा दुसऱ्याचा हात भिंतीला लागलेला नव्हता, अशी नोंद पंचांनी केली होती. मी त्या शर्यतीवर नव्हतो, त्यामुळे तो निर्णय बरोबर होता की नाही यावर काही लिहिणार नाही. मात्र तेव्हापासून पालकांच्या गटांवर एकच वाक्य फिरते आहे, की इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असती तर हा वाद झालाच नसता. ते वाक्य तपासून पाहावे म्हणून हा धागा काढत आहे.

नियम तसा सरळ आहे. आधीच्या खेळाडूचा स्पर्श होण्यापूर्वी पुढच्याचे पाय ब्लॉकपासून सुटले तर पूर्ण संघ बाद होतो. पुढच्याने वाकावे, हात फिरवावेत, एक पाऊल टाकून झेप घ्यावी, या सगळ्याला मुभा आहे. अट एवढीच की स्पर्श होईपर्यंत पाय ब्लॉकला टेकलेला असला पाहिजे. त्यामुळे चांगल्या संघांत स्पर्श आणि पाय सुटणे यांमध्ये सेकंदाचे एक-दोन दशांशच जातात, तर वैयक्तिक शर्यतीत हॉर्नपासून पाय सुटेपर्यंत साधारण सहा-सात दशांश जातात. रिलेत पहिल्या खेळाडूचीच वेळ वैयक्तिक विक्रमासाठी धरतात, ती याच कारणाने. चीनच्या पान झानलेने २०२४ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत १०० मीटर फ्रीस्टाईलचा ४६.८० सेकंदांचा विश्वविक्रम केला, तो रिलेच्या पहिल्या टप्प्यावरच.

पंचाची अडचण अशी की त्याला एकाच क्षणी दोन ठिकाणी पाहायचे असते. एक ठिकाण ब्लॉकच्या कडेवरची पायाची बोटे आणि दुसरे त्याखाली पाण्यातला हात. शिकवण अशी आहे की नजर बोटांवर ठेवायची आणि बोटे सुटली की झटकन खाली पाहायचे. हात भिंतीला लागलेला दिसला तर उडी बरोबर. हात आणि भिंत यांच्यात अजूनही पाणी दिसले तर उडी लवकर झाली. या पद्धतीत नजर खाली जाण्यास जो वेळ लागतो तो खेळाडूच्या बाजूने जातो, आणि तसाच जावा हे मला योग्य वाटते. उलट क्रमाने, म्हणजे आधी हात आणि मग पाय पाहणारा पंच निर्दोष संघाला बाद करू शकतो, कारण तो मान वर करेपर्यंत पाय कधीच सुटलेले असतात.

मोठ्या स्पर्धांत हे काम दोन संवेदक वाटून घेतात. भिंतीवरचा टचपॅड स्पर्शाची वेळ नोंदवतो आणि ब्लॉकवरचा फलक पायांचा दाब संपल्याची. दोहोंतील फरक शतांश सेकंदात पडद्यावर येतो. पॅडच्या नोंदीआधी पाय सुटले तर हा फरक उणे येतो. तो उणे ०.०३ पर्यंत चालतो, उणे ०.०४ आला की संघ बाद. म्हणजे यंत्रसुद्धा तीन शतांशांची सूट देते. ही सूट का आहे आणि ती न्याय्य आहे का, यावर जाणकारांनी लिहावे.

लातूरचा_पालक

सर, सूट असो वा नसो, यंत्राला मुलाचे आडनाव आणि शाळा माहीत नसते, हा मुद्दा माझ्यासाठी सर्वांत मोठा आहे. आमच्याकडे शालेय स्पर्धेतील क्रमांकावर राज्य स्पर्धेची निवड अवलंबून असते आणि राज्य पातळीवरच्या कामगिरीवर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण. चार मुलांचे वर्ष एका माणसाच्या नजरेवर टांगून ठेवणे बरोबर नाही. शिवाय त्या दिवशी गॅलरीतून निदान दहा जणांनी मोबाइलवर चित्रीकरण केले होते. त्यातल्या एका चित्रफितीत हात आधी लागलेला स्पष्ट दिसतो. पण ती पाहायलाही कोणी तयार झाले नाही.

विद्युत_अभियंता (नांदेड)

पालक महोदयांची तळमळ समजते, पण ती चित्रफीत न पाहण्यामागे तांत्रिक कारणही असू शकते. साध्या मोबाइलवर सेकंदाला ३० चित्रे टिपली जातात. म्हणजे दोन चित्रांमध्ये ०.०३३ सेकंदाची फट राहते आणि तेवढ्यात काय घडले याची नोंद कुठेच नसते. ज्या फरकावर वाद आहे, त्यापेक्षा आपली मोजपट्टीच जाड आहे. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइल असला तर ही फट चार सहस्रांशांपर्यंत येते, पण मग कोनाचा प्रश्न उरतो. गॅलरी तलावाच्या लांबीच्या बाजूला असते आणि तिथून तिरके पाहिल्यास भिंतीपासून वीतभर दूर असलेला हातही भिंतीला लागल्यासारखा दिसतो. कॅमेरा भिंतीच्या रेषेतच असावा लागतो, आणि एकाच चौकटीत बोटे आणि हात दोन्ही यावे लागतात.

आता उणे ०.०३ विषयी. टचपॅड नुसत्या पाण्याच्या हिसक्याने चालू होऊ नये, अन्यथा शेजारच्या लेनमधील लाटेनेही वेळ थांबेल. म्हणून त्याला ठरावीक दाब मिळाल्याशिवाय तो नोंद करत नाही. त्वचेचा पहिला स्पर्श आणि पुरेसा दाब यांमध्ये काही काळ जातो, आणि खेळाडू हलक्या हाताने तरंगत आला तर तो काळ वाढतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बटरफ्लायला अमेरिकेचा फेल्प्स ५०.५८ आणि सर्बियाचा चाविच ५०.५९ असा निकाल लागला, तेव्हाचा सारा वाद याच ठिकाणी होता. चाविच हात लांबवून सरकत आला होता आणि फेल्प्सने शेवटचा अर्धा हात मारून पॅड दाबला होता. सर्बियाने हरकत घेतली, चित्रण तपासले गेले आणि निकाल कायम राहिला.

रिलेत हाच उशीर पुढच्या खेळाडूच्या माथी बसतो. त्याने डोळ्यांनी खरा स्पर्श पाहून उडी घेतली आणि पॅडने दोन शतांश उशिरा नोंद केली, तर काहीही चूक नसताना त्याच्या नावापुढे उणे आकडा येईल. सूट यासाठी आहे. तिला मेहेरबानी समजू नये.

चौथी_लेन

मी विद्यापीठ पातळीपर्यंत रिले पोहले आहे आणि आता मुलींना शिकवते, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहिते. सूट आहे हे कळले की प्रशिक्षक ती वापरायला शिकवणारच. यंत्र असलेल्या स्पर्धेत ०.२० चा बदल (स्पर्श ते पाय सुटणे यांतला वेळ) ०.१० वर आणण्यासाठी आठवडेच्या आठवडे जातात. त्यात संघाला मिळतो एक दशांश, आणि चुकले तर सगळेच जाते.

मेलबर्नच्या २००७ च्या जागतिक स्पर्धेत हेच घडले. पुरुषांच्या ४ × १०० मीटर मेडली रिलेच्या (मेडली म्हणजे चारही पोहण्याच्या शैली असलेली शर्यत) सकाळच्या प्राथमिक फेरीत अमेरिकेच्या इयान क्रॉकरने उणे ०.०४ ला उडी घेतली आणि संघ बाद झाला. सूट उणे ०.०३ ची, म्हणजे मर्यादा ओलांडली ती एका शतांशाने. अंतिम फेरीत फेल्प्स पोहणार होता. ती फेरीच त्याच्या वाट्याला आली नाही आणि त्याची सुवर्णपदके सातावर थांबली. प्राथमिक फेरीत अमेरिकेला इतकी धोक्याची उडी घेण्याची काहीच गरज नव्हती, हे मी माझ्या मुलींना दर वर्षी सांगते. त्या ऐकून घेतात आणि स्पर्धेच्या दिवशी गॅलरीतला आरडाओरडा ऐकून तशीच उडी घेतात, तो भाग वेगळा.

माझा प्रश्न असा आहे की उणे ०.०३ चालते आणि उणे ०.०४ चालत नाही, ही रेषा खरोखर त्या संवेदकाच्या चुकीइतकीच आहे, की कुठेतरी रेषा ओढायची म्हणून ओढली आहे?

विद्युत_अभियंता (नांदेड)

ताई, दोन्ही. रेषा कुठेही ओढली तरी तिच्या पलीकडे एका शतांशाने कोणीतरी सापडणारच. महत्त्वाचे हे की ती शर्यतीआधी जाहीर असते आणि सगळ्यांना तीच लागू असते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलीत स्वीडनचा लार्सन ४:३१.९८१ आणि अमेरिकेचा मॅकी ४:३१.९८३ असा निकाल दिला गेला. दोन सहस्रांशांत खेळाडू जेमतेम तीन मिलिमीटर पुढे जातो. प्रत्येक लेनची भिंत तेवढ्या अचूकतेने बांधलेली असेल याची खात्री कोण देणार? म्हणून नंतर जलतरणात सहस्रांश सोडून देण्यात आले, आणि शतांशापर्यंत वेळ सारखी आली की पदक विभागून दिले जाते. २०१६ ला रिओमध्ये १०० मीटर बटरफ्लायचे रौप्यपदक ५१.१४ या एकाच वेळेवर तिघांना मिळाले. यंत्राला त्याहून बारीक मोजता येत होते. पण भिंत तितकी बारीक नव्हती.

जाता जाता आपल्याकडची एक गोष्ट सांगतो. बहुतेक ठिकाणी सुरुवातीचा इशारा एका बाजूला उभा असलेला माणूस शिट्टीने किंवा एकाच कर्ण्यातून देतो. अडीच मीटर रुंदीच्या लेन धरल्या तर पहिल्या आणि आठव्या लेनच्या मध्यांत साडेसतरा मीटर अंतर पडते. आवाजाला ते कापायला सेकंदाचे पाच शतांश लागतात. रिलेत ज्या तीन शतांशांवरून आपण भांडत आहोत, त्यापेक्षा जास्त तोटा आठव्या लेनला शर्यत सुरू होतानाच झालेला असतो, आणि त्यावर आजवर एकही हरकत आलेली मी ऐकली नाही. मोठ्या स्पर्धांत प्रत्येक ब्लॉकमागे स्वतंत्र ध्वनिक्षेपक असतो तो यासाठी.

गोदाकाठ

मी वयाने तुम्हा सर्वांपेक्षा मोठा असेन, आणि विहिरीत कमरेला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेल्या पिढीतला आहे, तेव्हा माझ्या यंत्रविरोधाकडे त्या नजरेने पाहिले जाईल हे गृहीत धरतो. पण माझा विरोध यंत्राला नाही, यंत्र सगळे पाहते या समजुतीला आहे.

मेडली रिले घ्या. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लाय पोहणाऱ्याने दोन्ही हातांनी एकाच वेळी स्पर्श करावा लागतो. पॅडला दाब कळतो, पण तो एका हाताचा की दोन्ही हातांचा हे त्याला कळत नाही. ते पाहायला काठावर माणूसच लागतो. २००१ साली फुकुओकाच्या जागतिक स्पर्धेत महिलांच्या ४ × २०० मीटर फ्रीस्टाईल रिलेत ऑस्ट्रेलियाचा संघ पहिला आला, आणि बाकीचे संघ अजून पाण्यात असतानाच मुलींनी आनंदाच्या भरात तलावात उड्या मारल्या. सर्व संघ पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणी पाण्यात उतरायचे नाही, या नियमाखाली त्या बाद झाल्या. दुसऱ्या आलेल्या अमेरिकेलाही लवकर उडीच्या कारणाने बाद केले गेले, त्यावर बरेच वादंग झाले आणि शेवटी सुवर्णपदक ब्रिटनकडे गेले. एकाच शर्यतीतले हे दोन निर्णय पाहा. पहिल्याला यंत्राची गरजच नव्हती आणि दुसरा यंत्र असूनही वादात सापडला.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी होईल. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाईलला तिन्ही वेळाधिकाऱ्यांच्या घड्याळांत अमेरिकेचा लार्सन ५५.०, ५५.१, ५५.१ असा होता आणि ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिटला तिघांनीही ५५.२ दिले होते. क्रमांक पाहणाऱ्या पंचांची मते मात्र फुटली, आणि मुख्य पंचांनी सुवर्णपदक डेव्हिटला दिले. टचपॅड आले ते अशा निकालांनंतर. १९६७ ला विनिपेगच्या पॅन अमेरिकन स्पर्धेत आणि १९६८ ला मेक्सिको ऑलिंपिकमध्ये. तेव्हा माणसाची नजर पुरेशी आहे असे मीही म्हणणार नाही.

पण हे सगळे साहित्य आपल्या तलावांवर आणले तर काय होईल, याचाही विचार व्हावा. आमच्या भागात तलाव भरतो बोअरच्या जड पाण्याने. फरशीवर आणि नळांवर क्षारांचे पांढरे थर चढलेले असतात. उन्हाळ्यात टंचाई वाढली की सर्वांत आधी तलावच बंद होतो, आणि ते योग्यच आहे, कारण लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते हे आपण विसरलेलो नाही. अशा ठिकाणी वर्षातून एकदा दोन दिवसांसाठी भाड्याने आणलेले पॅड आठही लेनमध्ये सारखेच चालतील याची हमी मला तरी वाटत नाही.

लातूरचा_पालक

म्हणजे काका, यंत्र नको आणि मोबाइलही नको, तर मग आम्ही करायचे काय?

काठावरचा_पंच (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ सरांच्या शेवटच्या वाक्यातच माझ्या मते या धाग्याचा गाभा आहे.

यंत्र विश्वासार्ह आहे का, हा प्रश्न आपण एकेका लेनपुरता विचारतो आहोत. न्याय मात्र सर्व लेन मिळून ठरतो. समजा, सहा लेनमध्ये फलक आणि पॅड व्यवस्थित चालू आहेत आणि दोन लेनमध्ये बंद पडले आहेत. सहा संघांची उडी शतांशात मोजली जाईल आणि दोघांची नजरेने. माणसाच्या नजरेला सेकंदाच्या तीन किंवा पाच शतांशांचा फरक खात्रीने दिसत नाही, त्यामुळे त्या दोन लेनना प्रत्यक्षात जास्त सूट मिळेल. उणे ०.०५ ला उडी घेणारा तिसऱ्या लेनमध्ये बाद होईल आणि सातव्या लेनमध्ये पदक घेऊन जाईल. प्रत्येक लेनमधला निर्णय नियमानुसार आणि प्रामाणिक असूनही शर्यत अन्यायाची होईल.

म्हणून माझे मत असे आहे की शर्यतीपूर्वीच्या चाचणीत एकाही लेनमधील फलक नीट चालत नसेल, तर त्या शर्यतीपुरता उडीचा निकाल सर्वच लेनमध्ये पंचांच्या नजरेने द्यावा, आणि हे मुख्य पंचांनी शर्यतीआधी सर्व संघांना सांगावे. स्पर्शाच्या वेळा पॅडच्या घ्याव्यात, जिथे पॅड नाही तिथे घड्याळाच्या. तो वेगळा विषय आहे आणि त्याचे नियम ठरलेले आहेत. तीन घड्याळे असतील तर ज्या दोन जुळतात ती वेळ, तिन्ही वेगळी असतील तर मधली, दोनच असतील तर सरासरी.

यंत्र नसेल तेव्हाचाही मार्ग आहे आणि त्याला जवळजवळ खर्च नाही. अमेरिकेतील स्पर्धांमध्ये दुहेरी पुष्टीची पद्धत वापरली जाते. लेनच्या टोकाला एक पंच आणि तलावाच्या बाजूला दुसरा पंच एकच उडी पाहतात. दोघांनी हात वर करायचा नाही, एकमेकांकडे पाहायचे नाही, आपापल्या कागदावर खूण करून मुख्य पंचांकडे द्यायची. दोन्ही कागदांवर एकाच लेनची आणि एकाच बदलाची खूण असेल तरच संघ बाद, अन्यथा नाही. आपल्याकडे एकाने हात वर केला की शेजारचाही करतो, आणि मग "दोन पंचांनी पाहिले" अशी नोंद होते. ती खरोखर दोन निरीक्षणे आहेत की एकच, हे कोणालाच सांगता येत नाही. यंदाच्या निकालाबाबत मला विचारायचा असता तर मी एवढाच प्रश्न विचारला असता.

विद्युत_अभियंता (नांदेड)

एका मुद्द्यावर असहमत आहे. सहा लेनमध्ये चांगले मोजमाप उपलब्ध असताना ते दोन लेनसाठी फेकून देणे मला पटत नाही. नियमात यंत्राच्या नोंदीला माणसाच्या नोंदीपेक्षा अग्रक्रम दिलेला आहे. पडद्यावर उणे ०.१५ दिसत असताना पंचांनी ते पाहायचेच नाही, असे म्हणायचे का?

काठावरचा_पंच (छत्रपती संभाजीनगर)

अग्रक्रम आहे तो यंत्राने दिलेल्या निर्णयाला, आणि तेही नेमलेल्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली. दोन लेनमध्ये यंत्राने निर्णयच दिलेला नाही. उणे ०.१५ ची उडी सजग पंचाच्या नजरेतून सहसा सुटत नाही, त्यामुळे मोठ्या चुका दोन्ही पद्धतींत पकडल्या जातील. प्रश्न निसटत्या उड्यांचाच उरतो, आणि तिथे सर्वांना सारखी ढिलाई मिळणे मला परवडते. तुमचा आक्षेप मात्र पोकळ नाही. शर्यत सुरू झाल्यावर मध्येच एखादा फलक बंद पडला तर काय करायचे, याला माझ्या सूचनेत उत्तर नाही. तिथे मुख्य पंचांचा विवेकच चालेल.

चौथी_लेन

दुहेरी पुष्टीची पद्धत जिल्हा स्पर्धेत वापरून पाहता येईल. आमच्याकडे सहाच लेन आहेत, पण अडचण माणसांची आहे. सहा लेनना टोकाला सहा जण हवेत आणि बाजूला किमान दोन, एक डावीकडून पहिल्या तीन लेन पाहणारा आणि एक उजवीकडून उरलेल्या. वेळाधिकाऱ्यांनाच टोकाचे पंच केले तर ते घड्याळाच्या कळेकडे पाहतील, पायांकडे नाही.

काठावरचा_पंच (छत्रपती संभाजीनगर)

वेळाधिकाऱ्यांना त्यात अजिबात घेऊ नये. ज्या संघांची रिले नाही अशा शाळांचे प्रशिक्षक टोकाला उभे करता येतील, मात्र अर्धा तास सराव घेऊन. सरावात मुलांना मुद्दाम लवकर आणि मुद्दाम उशिरा उड्या मारायला सांगायच्या, आणि कोण काय लिहितो ते पडताळायचे. बाजूच्या पंचाला तीन लेनवर एकाच वेळी नजर ठेवणे कठीण जाते, विशेषतः संघ एकत्र पोहोचत असतील तेव्हा. त्यामुळे शक्य असल्यास बाजूला चार माणसे ठेवा.

लातूरचा_पालक

पालकांपैकी कोणी चालेल का? मी स्वतः यायला तयार आहे, माझा मुलगा ज्या गटात नाही त्या गटासाठी.

चौथी_लेन

दादा, अवश्य या. सरावाला मात्र यावेच लागेल. खुणेचा कागद मी करून आणते. त्यावर लेन क्रमांक आणि दुसरा, तिसरा, चौथा खेळाडू असे रकाने असतील, नाव किंवा शाळा कुठेही नसेल. तुम्ही पेन्सिली तेवढ्या आणा, ओल्या काठावर पेनची शाई टिकत नाही.